मेंढी जिथं खाते तिथं मरत नाही

2014 च्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी मेंढपाळांचा मेळावा भरला होता. मंडप, सतरंज्या, पिवळे फेटे, भंडारा लावलेली कपाळं आणि शेवटी जेवण. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, आणि मी अगदी मागं बसलो होतो. व्यासपीठावर एक साहेब बोलत होते. आवाज खणखणीत, बोलणंही चांगलं. म्हणाले, "मित्रांनो, तुमची मेंढरं रोगानं मरत नाहीत, तुमच्या अडाणीपणानं मरतात. जंताचं औषध वेळेवर पाजा, एक मेंढरू मरणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्यालाच कुणी अडाणी म्हणालं तरी माइकवरून म्हणालं की आमचे लोक टाळ्या वाजवतात.

तात्यांनी वाजवल्या नाहीत. तीनच महिन्यांमागं त्यांनी आमच्या वाड्यातली शेवटची एकोणऐंशी मेंढरं हेड्याच्या टेम्पोत चढवून दिली होती. मेळाव्याला ते का आले होते, हे मला आजही सांगता यायचं नाही. सवयीनं आले असतील.

मी शाळामास्तर. रोज चाळीस पोरांपुढं बोलतो. उठून साहेबांना दोन प्रश्न विचारता आले असते. उठलो नाही. माझी नोकरी सरकारी, साहेबही सरकारी, हे एक कारण. दुसरं कारण पुढं येईल, ते जास्त लाजिरवाणं आहे. तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस आमच्यावरनं निघून जातो, थांबत नाही. म्हणून आमची माणसं मेंढरं घेऊन हिंडतात. दसरा झाला की वाडा निघायचा. भोरवरून वरंधा घाट उतरून महाडच्या अंगाला. भात निघालेली खाचरं मोकळी असायची. शेतकरी खतासाठी रात्री मेंढरं बसवून घ्यायचा, धान्य द्यायचा, चार पैसे द्यायचा. पाऊस लागायच्या आत वाडा परत माणात.

आबांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, चराईचे काही कायदे होते. दव उतरल्याशिवाय मेंढरू हिरव्यात सोडायचं नाही. जिथं म्हशी डुंबतात तिथं पाणी पाजायचं नाही. कालव्याच्या पाझरावरचं गवत कितीही कोवळं दिसलं तरी त्यात घालायचं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "त्या गवतात काळजाचा रोग अस्तो."

"काळजाचा म्हंजे?"

"म्हंजे काळीज कुजतंय. आता जास्ती इचारू नगंस."

यापलीकडं त्यांना सांगता येत नव्हतं. मी डी.एड. झालो, चार पुस्तकं वाचली, आणि या कायद्यांना हसायला लागलो. गवतात रोग कसा असेल?

2012 चा पाऊस गेला. पुढचा उन्हाळा माणदेशात कुणी विसरलेलं नाही. 1972 पाहिलेली म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, तेव्हा धान्य नव्हतं पण पाणी होतं, आता पाणीच नाही. चारा छावण्या सुरू झाल्या. आमच्या जवळच्या छावणीत गाई-म्हशींना दावण मिळाली. मेंढरं घेऊन तात्या गेले तर "लहान जनावरं घेत नाही" म्हणून परत पाठवलं. गावच्या माळावर झाडं लावून चराईबंदीची पाटी ठोकलेली. गायरानाचा निम्मा भाग शेतं पुढं सरकवून खाल्लेला. कोणी खाल्ला ते गावात सगळ्यांना माहीत आहे, सातबारा मात्र अजून गायरानाचाच आहे. आबांचे गुडघे धरलेले, त्यामुळं त्या साली घाट उतरणं होणार नव्हतं.

तेव्हा मी फोनवर म्हणालो, "आबा, उजनीचा फुगवटा मागं सरकतोय. काठाला हिरवंगार आहे. तिकडं न्या."

आबा म्हणाले, "काठाचं गवत चांगलं न्हाई."

मी म्हणालो, "उपाशी मरण्यापेक्षा बरं का न्हाई?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर नेतो."

हे माझं दुसरं कारण. ज्या गवतानं आमची मेंढरं मेली, त्या गवतावर ती मी पाठवली होती. मग मेळाव्यात कुठल्या तोंडानं उठणार?

2013 च्या जानेवारीत एकशेचाळीस मेंढरं भीमेच्या काठाला उतरली. पाणी रोज थोडं मागं हटायचं आणि ओल्या गाळावर लव्हाळा, हराळी, कोवळं गवत वर यायचं. पहिला दीड महिना मेंढरं अशी सुधारली, की मी रविवारी गेलो तेव्हा आबांना म्हणालो, "बघा." आबांनी एका मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवला आणि काहीच बोलले नाहीत.

पाडवा झाला आणि पहिली मेंढी गेली. संध्याकाळी चरून आली, रवंथ करत बसली, सकाळी वाघरीत ताठ पडलेली. तात्यांनी पोट फाडलं. आत तांबूस पाणी. काळीज, म्हणजे मटणाच्या दुकानातली कलेजी आणि पुस्तकातलं यकृत, रक्तानं माखलेलं आणि सगळीकडून पोखरलेलं, जणू कुणी दाभणानं टोचून काढलंय. किडा म्हणावा तर दिसेना. आठ दिवसांत आणखी सहा गेल्या. सगळ्या अंगानं भरलेल्या, सगळ्या अशाच एकाएकी.

मी लेंड्या पिशवीत घालून जवळच्या दवाखान्यात नेल्या. तपासणी झाली. "कृमीची अंडी आढळली नाहीत." मी तो कागद घेऊन आनंदानं वाड्यावर आलो, म्हणालो, जंत नाहीत. तरीपण असावं म्हणून तात्यांनी दुकानातनं जंताच्या औषधाच्या बाटल्या आणल्या आणि सगळ्यांना पाजल्या. वेळेवर, साहेब. अगदी वेळेवर. मेंढरं मरतच राहिली.

जूनमध्ये दुसरा प्रकार सुरू झाला. आता मेंढरं एकाएकी मरत नव्हती, हळूहळू वाळत होती. लोकर हाताला यायची. पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक. संध्याकाळी चरून आली की जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, सकाळी जरा उतरायची, संध्याकाळी पुन्हा. त्यातली एक मेली तेव्हा तात्यांनी काळीज चिरलं आणि पित्ताची नळी दाबली. आतून पानासारखे चपटे, करडे किडे बाहेर आले. दोन-दोन पेरांएवढे. तात्यांनी एक किडा तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरला. "गुरुजी, ह्ये काय?" घरातल्या घरात त्यांनी मला गुरुजी म्हणलं ते त्या एकाच वेळी.

आषाढ संपेपर्यंत त्रेचाळीस मेली. अठरा तात्यांनी मिळेल त्या भावात विकली. उरली एकोणऐंशी.

त्यानंतर मी वाचायला बसलो, जे आधी करायला पाहिजे होतं. दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी मला दोन-तीन संध्याकाळी बसून समजावून सांगितलं, त्यांचे उपकार आहेत. ते समजलं आणि साहेबांच्या त्या एका वाक्यातला प्रत्येक शब्द कसा चुकीचा होता ते कळलं. तुम्हीही ऐका, कारण यात तुमचंही काही आहे.

या किड्याला इंग्रजीत लिव्हर फ्लूक म्हणतात, मराठी पुस्तकात पर्णकृमी. आपल्याकडचा जो मुख्य, त्याचं शास्त्रीय नाव फॅसिओला जायगँटिका. तो जनावराच्या पित्तनळीत राहतो आणि दिवसाला हजारो अंडी घालतो. अंडी पित्तातून आतड्यात, आतड्यातून शेणात, लेंडीत. जमीन कोरडी असेल तर तिथंच गोष्ट संपते. पाणी मिळालं तर उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून डोळ्याला न दिसणारी अळी निघते. तिला एका दिवसाच्या आत पाण्यातली एका ठरावीक जातीची गोगलगाय सापडली पाहिजे, नाहीतर ती मरते. सापडली तर गोगलगायीच्या पोटात एकाच्या शेकडो होतात. दीड-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, त्या बाहेर पडतात आणि पाण्याकाठच्या गवताला चिकटून कवच करून बसतात. मेंढी ते गवत खाते. कवच आतड्यात फुटतं, बारीक कृमी आतड्याची भिंत भेदून काळजात शिरतात आणि कित्येक आठवडे ते पोखरत पोखरत पित्तनळीकडं जातात. पूर्ण वाढून अंडी घालायला लागेपर्यंत तीन-चार महिने जातात.

म्हणजे आबांचं खरं होतं. त्या गवतातच काळजाचा रोग होता.

आता हिशेब करा. एकदम पुष्कळ कृमी पोटात गेले तर मेंढी ते काळीज पोखरत असतानाच रक्तस्राव होऊन मरते. त्या वेळी कृमी कोवळे असतात, अंडी घालत नसतात. मग लेंडीत अंडी दिसणार कशी? दवाखान्याचा कागद खोटा नव्हता. त्याचा अर्थ सांगायला कुणी नव्हतं, आणि तो वाचणारा मी अर्धवट शिकलेला होतो.

औषधाचंही तेच. "जंताचं औषध" असं एक औषध नसतं. तात्यांनी पाजलं ते अल्बेंडाझोल. ते या कृमीतल्या फक्त वाढलेल्यांवर चालतं. ऑक्सिक्लोझानाइडचंही तसंच. काळीज पोखरणाऱ्या कोवळ्या कृमीपर्यंत पोचणारं औषध ट्रायक्लाबेंडाझोल. ते आमच्या बाजारच्या दुकानात कुणी कधी मागितलेलं नव्हतं, कारण मागायचं असतं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मेळाव्यातल्या साहेबांनीही सांगितलं नाही. त्यांनी "जंताचं औषध पाजा" एवढंच सांगितलं. आमच्या मेंढरांच्या पोटात ते औषध होतं, साहेब, आणि ती औषध पिऊन मेली.

शिवाय तेच तेच औषध अंदाजानं, कमी-जास्त मापात पाजत राहिलं की कृमी त्याला दाद देईनासे होतात. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकातच ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणारे कृमी सापडले, पुढं युरोपातही. तिथं वजनकाटे आहेत, कुंपणं आहेत, दर मेंढीची नोंद आहे. आमच्याकडं बाटलीच्या बुचानं माप घेतात. यात दोष आमचाही आहे, तो मी झाकत नाही. पण बुचाऐवजी मापाची पिचकारी हातात द्यायचं कामही भाषणानं होत नसतं.

फुगवट्याच्या काठच्या गावात एप्रिलमध्येच बोलणं सुरू झालं होतं, "धनगरांनी रोग आणला." एक दिवस चार माणसं येऊन आबांना म्हणाली, वाडा हलवा. त्याच वेळी त्यांच्या म्हशी मागं पाण्यात बसलेल्या होत्या. म्हैस हा या कृमीचा जुना यजमान आहे. ती दणकट, वर्षानुवर्षं पोटात घेऊन हिंडते, थोडं दूध कमी देते, मरत नाही. बारा महिने त्याच पाण्यात बसते, तिथंच शेण टाकते. गोगलगायी तिथंच. मेंढी बिचारी दोन महिन्यांची पाहुणी. तिला हा कृमी सोसत नाही. मग जी मरते तिनं रोग आणला, असा न्याय होतो.

हे खरं आहे, की रोग आमच्या पायांनी पुढं जातो. आमची मेंढरं जूनमध्ये माणात परत आली ती लेंड्यांतून अंडी टाकत आली. दोन वर्षांनी आमच्या पाझर तलावावर पाणी पिणाऱ्या गावच्या शेळ्यांच्या जबड्याखाली तशाच पिशव्या दिसल्या. आम्हीच नेला असेल, नाकारत नाही. पण या रोगाची गंमत, गंमत कसली, अशी आहे, की मेंढी जिथं खाते तिथं मरत नाही. खाते इंदापूर-करमाळ्याच्या काठाला, मरते तीन-चार महिन्यांनी माणात. ज्या दवाखान्याच्या हद्दीत ती खाते तिथं तिची नोंद नसते, कारण तिथं ती धडधाकट असते. ज्या हद्दीत ती मरते तिथं विचारतात, तुमच्याकडं तर पाणीच नाही, हा रोग कसा? आम्हाला एका ठिकाणी सांगितलं, "तुमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडं जा." तिकडं गेलो तर म्हणाले, "रोग इकडचा नाही, तिकडं दाखवायला पाहिजे होतं." कृमीला जिल्ह्याची हद्द माहीत नाही. आमच्या वाड्याच्या वाटेलाही माहीत नाही. सगळा कारभार मात्र त्या हद्दींवर चालतो.

आता अडाणीपणाबद्दल. 1379 साली फ्रान्समधल्या जेहान द ब्री नावाच्या माणसानं मेंढरं कशी राखावीत यावर एक पुस्तक लिहिलं. हा माणूस स्वतः मेंढका होता. मेंढीच्या काळजातल्या या कृमीचा लिखित उल्लेख जगात सगळ्यात आधी सापडतो तो त्याच्या पुस्तकात, आणि वाईट ओलसर जागच्या गवताशी त्यानं तो जोडला होता. कारण नेमकं सांगता आलं नाही, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं. आबांसारखंच. पुढं पाचशे वर्षांनी, 1879-80 च्या ओल्या हंगामात इंग्लंडात या रोगानं लाखो मेंढ्या मेल्या, तेव्हा कुठं विद्वान हलले. इंग्लंडात थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट, दोघांनी वेगवेगळं काम करून 1883 पर्यंत गोगलगायीची सगळी गोष्ट उलगडली. तिकडचा कृमी आपल्याकडच्याचा धाकटा भाऊ, जीवनक्रम तोच.

आमच्या शेजारच्या बारामती भागात नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं ते 1885 च्या सुमारास. म्हणजे पाणथळ जागा, गोगलगाय आणि मेंढीचं काळीज यांचं नातं छापून आलं होतं, आणि त्यानंतर आपल्याकडं कालवे वाहायला लागले. पुढच्या काही दशकांत त्या पट्ट्यातल्या चांगल्या जमिनी पाझरानं आणि जास्तीच्या पाण्यानं चोपण झाल्या, त्यावर इंजिनियर लोकांनी अभ्यास केले, चर काढले. ते उसासाठी. 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं. विस्थापितांचा प्रश्न, विजेचा प्रश्न, उसाचा प्रश्न, सगळ्यांवर बोलणं झालं, भांडणं झाली. या सव्वाशे वर्षांत ज्या काठाला मेंढी येणार आहे त्या काठाचं काय, हा प्रश्न विचारलेला मी तरी कुठं ऐकला नाही. जुन्या मेंढक्याला गवत माहीत होतं, शास्त्रज्ञाला गोगलगाय माहीत होती. ज्यांच्या हातात पाणी होतं त्यांनी दोघांनाही विचारलं नाही. मग यात अडाणी कोण, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

कुणी म्हणेल, मास्तर पाण्याच्या विरोधात बोलतायत. नाही. मी ज्या वसतिगृहात राहून शिकलो ते बागायती भागातल्या पैशावर उभं होतं. तिथं रोज दूध मिळायचं, ते कालव्याच्या पाण्यावरच्या चाऱ्याचं. माणात पाणी यावं म्हणून मीही मोर्चात गेलोय. आता आमच्याकडंही उपसा योजनांचं पाणी येऊ लागलंय आणि त्याचा आनंद आहे. म्हणूनच आत्ता बोलायला पाहिजे. नवीन चाऱ्या, नवीन पाझर, नवीन डबकी तयार होतायत. जे भीमेच्या काठाला झालं ते उद्या आमच्या उंबऱ्याला होणार, आणि त्या वेळीही मेंढपाळाला मंडपात बसवून अडाणीच म्हणणार.

शहरातल्या वाचकाला वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध तुमच्या ताटाशी आहे. घाबरू नका, शिजवलेल्या कलेजीतून हा कृमी माणसाला होत नाही. पण रविवारी सकाळी तुम्ही ज्याच्याकडं रांगेत उभं राहता त्या खाटकाला या रोगाचा पत्ता डॉक्टरच्या आधी लागलेला असतो. तो काळीज उलटं करतो, नळ्या जाड झालेल्या दिसल्या की सुरी फिरवतो, खराब भाग फेकतो, चांगला तुम्हाला देतो. फेकताना त्याला कळलेलं असतं, की हे मेंढरू पाण्याकाठाला चरलेलं आहे. ती एक ओळ कुणी लिहून ठेवत नाही. काही देशांत कत्तलखान्यात बाद झालेल्या काळजाची खबर मेंढी पाळणाऱ्यापर्यंत उलटी पोचवतात. आपल्याकडं मेंढरू गेलं की फक्त पैसा परत येतो, तोही हेड्याला वाटेल तेवढा.

मग करायचं काय? मागण्या मोठ्या नाहीत. मेंढीला पाणी पाजायला काठापासून दूर, कोरड्या कठीण जागेवर हौद बांधा. तळ्याच्या काठाला मेंढरू गवतासाठी जातं, तसंच पाण्यासाठीही जातं. निदान त्यातलं एक कारण तरी कमी करा. पाझरणाऱ्या चाऱ्या दुरुस्त करा. दुरुस्ती झाली तर शेतकऱ्याची जमीनही वाचते, ते काही आमच्यावर उपकार नाहीत. वाड्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत, महिने ठरलेले आहेत. औषधाचं वेळापत्रक गावावर न ठरवता त्या वाटांवर ठरवा. काठ सोडल्यावर कोणतं औषध, किती आठवड्यांनी, किती वजनाला किती, हे मराठीत एका कागदावर छापून वाड्यावर द्या, आणि वजनाला एक काटा. गाव कोणतं, हे विचारल्याशिवाय मेंढरू तपासा.

आणि सगळ्यात आधी गायरान. महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर, पंच्याहत्तर टक्के अनुदानावर देतात. चांगली गोष्ट आहे. पण एकवीस तोंडं दिली की एकवीस तोंडांची कोरडी चराई कुठं आहे, तेही दाखवावं लागतं. महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आहेत. माळ बंद, गायरान गिळलेलं, जंगलात पाटी. मग त्यांना हिरवं दिसतं ते फक्त पाण्याच्या काठाला. आपण आधी त्यांना तिथं ढकलतो आणि नंतर विचारतो, तिथं का गेला?

आमच्या लोकांनाही दोन गोष्टी सांगायच्यात. मेलेल्या मेंढीचं काळीज आणि आतडी ओढ्यात, तळ्यात टाकू नका. पित्तात अंडी असतात, पाणीच त्यांना हवं असतं. खोल पुरा. काठाचं गवत आणायचंच झालं तर कापून आणा आणि कडक उन्हात चांगलं वाळवून मग घाला, धोका पुष्कळ कमी होतो. दुकानदार देईल ती बाटली घेऊ नका, नाव विचारा. आणि घरात कुणी शिकलेला असेल तर त्याचं सगळंच ऐकू नका.

तात्या आता एका कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. आबा त्यानंतर तीन वर्षं होते. त्या फोनबद्दल त्यांनी मला कधीही एका शब्दानं बोल लावला नाही. वाघरीची जाळी त्यांनी माळ्यावर नीट गुंडाळून ठेवली होती, ती अजून तिथंच आहे. घर आवरताना आई ती हलवू देत नाही.

गेल्या मार्चात एका लग्नाला जाताना एसटी फुगवट्याच्या कडेनं गेली. पाणी हटलेलं, गाळ ओला, आणि त्यावर शंभरेक मेंढरांची खांड पसरलेली. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि मागं चालत गेलो. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता, कानात वायर, हातात काठी. मी त्याला सगळं सांगितलं. गोगलगाय पण शोधून दाखवली. त्यानं वायर काढून नीट ऐकलं, मधी दोन शहाणे प्रश्नही विचारले. मग मेंढरांकडं बघितलं, वरच्या बाजूला उसाकडं बघितलं, उसाच्या कडेच्या तारेच्या कुंपणाकडं बघितलं आणि म्हणाला,

"मग घालू कुठं, गुरुजी?"

मला उत्तर देता आलं नाही. ते ज्यांच्याकडं आहे ते मेळाव्यात व्यासपीठावर बसतात. पुढच्या मेळाव्याला मी पुढच्या रांगेत बसणार आहे आणि तेवढा एकच प्रश्न विचारणार आहे.